बालरुग्णाचे भय आणि चित्रांचे साहाय्य

रायपूरलगत नव्याने वसविलेल्या नवा रायपूर या नगरात २०१२ साली श्री सत्यसाई संजीवनी रुग्णालय सुरू झाले. जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांवर तेथे विनामूल्य उपचार केले जातात. अशा रुग्णालयात येणारी मुले पुष्कळदा दूरच्या खेड्यांतील असतात. अनोळखी माणसे, यंत्रांचे आवाज आणि सुईची धास्ती यांमुळे ती गांगरतात व रडू लागतात. हे रडणे स्वाभाविकच असते. परंतु हृदयविकार असलेल्या मुलाच्या बाबतीत ते धोक्याचेही ठरू शकते.

'फॅलोचे चतुष्टय' या विकाराचे उदाहरण घेता येईल. त्यात हृदयाचे चार दोष एकत्र आढळतात. हृदयातून फुप्फुसाकडे जाणारा मार्ग अरुंद असतो आणि हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते, हे त्यांपैकी दोन होत. मूल जोराने रडू लागले की हा मार्ग कधी कधी अधिकच आकुंचन पावतो. मग अल्प प्राणवायू असलेले रक्त फुप्फुसाकडे न जाता छिद्रावाटे शरीरात मिसळते आणि मूल निळे पडते. वेळीच उपाय न केल्यास ते बेशुद्धही होऊ शकते. यावरून असे दिसते की, मुलाला शांत ठेवणे हा उपचाराचाच एक भाग होय.

तपासणीच्या वेळीही हाच प्रश्न उद्भवतो. श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाचे चित्रण करताना मुलाला बराच वेळ स्थिर पडून राहावे लागते. ते तसे राहिले नाही तर गुंगीचे औषध देणे भाग पडते. या औषधाने श्वसन मंदावण्याचा संभव असल्यामुळे मुलावर सतत लक्ष ठेवावे लागते. समोरच्या पडद्यावर हलती चित्रे दाखविल्यास काही मुले औषधाविनाही स्थिर राहतात.

असे का घडते? १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, वेदनेच्या संदेशांना पृष्ठरज्जूमध्ये जणू एका द्वारातून जावे लागते आणि मेंदू हे द्वार काही अंशी मिटवू शकतो. मन अन्यत्र गुंतले असता वेदना सौम्य का भासते, याचा उलगडा या उपपत्तीमुळे होण्यास मदत झाली. याच तत्त्वाचा उपयोग करून अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी संगणकनिर्मित हिमप्रदेश तयार केला. जखमा स्वच्छ केल्या जात असताना रुग्ण डोळ्यांवरील दर्शकातून त्या प्रदेशात संचार करतो व बर्फाचे गोळे फेकतो. तेवढ्या वेळात वेदना कमी जाणवल्याचे अनेक रुग्णांनी सांगितले.

तथापि कोणतेही चित्र मुलाला धीर देतेच असे नाही. २००८ साली इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाने केलेल्या पाहणीत रुग्णालयाच्या भिंतींवरील विदूषकांची चित्रे मुलांना नापसंत असल्याचे आढळले. काहींना तर त्यांची भीतीच वाटत होती. म्हणून चित्रे निवडताना मुलांचे मत घेणे अगत्याचे ठरते.

या दृष्टीने छत्तीसगडच्या लोककलेचे स्मरण होते. सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांची अनेक वर्षे एकाकीपणात गेली. खेळायला सोबती नसलेल्या आपल्या मुलासाठी त्यांनी मातीची खेळणी घडविली. पुढे घराच्या भिंती मातीच्या जाळ्या, पक्षी व माणसे यांनी भरून गेल्या. याच कलेसाठी १९८३ साली त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. सरगुजाच्या मुलाला रुग्णालयाच्या भिंतीवर असा ओळखीचा पक्षी दिसला, तर ती जागा त्याला तितकीशी परकी वाटणार नाही.

अर्थात चित्राने हृदयाचे छिद्र बुजत नाही आणि वेदनाशामक औषधाची गरजही संपत नाही. आई जवळ असणे आणि पुढे काय होणार ते मुलाला समजेल अशा शब्दांत सांगणे, यांना तर पर्यायच नाही. परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत मूल न रडता पोहोचले, तर शल्यचिकित्सकाचे काम अधिक सुरक्षितपणे सुरू होते.