अधिक सेकंद

रविवार, १ जुलै २०१२. भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटेचे साडेपाच वाजले आणि जगभरातल्या असंख्य संगणकांचे प्रोसेसर एकाएकी पूर्ण ताकदीने धावू लागले. त्यांच्यावरचे काम वाढले नव्हते. तरीही रेडिट हे संकेतस्थळ कोलमडले, मोझिलाच्या काही यंत्रणा अडकल्या, ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या प्रवाशांची नोंदणी खोळंबून उड्डाणांना उशीर झाला. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या जर्मनीतील हेट्झनर कंपनीने त्या रात्री आपला वीजवापर सुमारे एक मेगावॅटने वाढल्याचे ग्राहकांना कळवले. या सगळ्याचे कारण होते घड्याळात घातलेला एक जादा सेकंद.

अधिक मासाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढवून आपण हिशेब जुळवतो. २०१२ साली अधिक भाद्रपद आला होता. सेकंदाचेही तसेच आहे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूवरून, ९ अब्ज १९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तनांचा काळ अशी केली जाते. पृथ्वी मात्र इतकी काटेकोर फिरत नाही. दोन्हींतला फरक ०.९ सेकंदाच्या आत राहावा म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक सेकंद वाढवला जाऊ लागला. मात्र अधिक मास पंचांगकर्ता शेकडो वर्षे आधी सांगू शकतो, अधिक सेकंद तसा सांगता येत नाही. पृथ्वीच्या गतीतला फेरफार अनियमित असल्याने त्याची घोषणा जेमतेम सहा महिने आधी होते. २०१२ चा हा पंचविसावा सेकंद; आधीचा २००८ च्या अखेरीस आला होता. इतक्या क्वचित येणाऱ्या पाहुण्याची तालीम कोण करणार?

आता प्रोसेसर का पेटला ते पाहू. पडद्यामागे चालणारे प्रोग्राम बहुतेक वेळ काम करीत नसतात. वाट पाहत असतात. असा प्रोग्राम संगणकाच्या कार्यप्रणालीला सांगतो, ‘काम आले की उठव, नाहीतर पाव सेकंदाने उठव,’ आणि झोपी जातो. झोपलेल्या प्रोग्रामला प्रोसेसर लागत नाही. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात मुख्य घड्याळ एक आणि गजर सांभाळणारी व्यवस्था दुसरी. तिच्याकडे वेळेची स्वतःची नोंद असते. अधिक सेकंद आला तेव्हा मुख्य घड्याळ एक सेकंद मागे घेतले गेले, पण गजराच्या व्यवस्थेला ते कळवलेच गेले नाही. कळवणारी सूचना त्या जागी पूर्वी होती. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दोषावर उपाय म्हणून ती काढून टाकलेली होती.

परिणामी गजर एक सेकंद पुढे राहिला. पाव सेकंदाने उठवायला सांगितले, तर त्याच्या लेखी ती वेळ केव्हाच टळून गेलेली. प्रोग्राम डोळा मिटतो तोच गजर वाजायचा. काम नाही हे पाहून तो पुन्हा झोपायचा, पुन्हा गजर. सेकंदाला हजारो वेळा हाच खेळ. यादीत शंभर टक्के व्यग्र दिसणारा प्रोग्राम प्रत्यक्षात झोपेचा प्रयत्न करीत होता.

निदान चुकले ते इथेच. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी प्रोसेसर कोण खातो याची यादी उघडली, तेव्हा वरच्या ओळींत जावामधले प्रोग्राम आणि मायएसक्यूएल ही माहिती साठवणारी प्रणाली दिसली. संशय साहजिकच त्यांच्यावर गेला. ते बंद करून पुन्हा सुरू केले, तरी फरक पडेना. पडणार कसा? दोष त्यांच्या पायाखालच्या जमिनीत होता. संपूर्ण यंत्र बंद करून सुरू केले की गोंधळ थांबे. पण त्याहून सोपा उतारा लवकरच सापडला. घड्याळात जी वेळ आहे, तीच पुन्हा लावायची! वेळ नव्याने लावली की कार्यप्रणाली गजराच्या व्यवस्थेलाही ती कळवते. एका ओळीच्या आज्ञेने प्रोसेसर शांत झाले.

आपल्या घरातल्या संगणकाचा पंखा विनाकारण घोंघावू लागला, तर ही हकीकत आठवावी. यादीत सर्वांत वर असलेले नाव हा सुगावा आहे, निकाल नव्हे. तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा. दुखणे परतले, तर तो कशाची वाट पाहतो आहे, हे शोधावे: न मिळणारी फाइल, उत्तर न देणारा सर्व्हर की चुकलेले घड्याळ. आणि त्रास नेमका केव्हा सुरू झाला, ती वेळ टिपून ठेवावी. अनेक ठिकाणची यंत्रे एकाच क्षणी बिघडली, या एका गोष्टीनेच २०१२ मध्ये खऱ्या कारणाकडे बोट दाखवले.

२०१६ च्या अखेरीनंतर अधिक सेकंद आलेला नाही. २०३५ पर्यंत ०.९ सेकंदाची मर्यादा सैल करण्याचा ठराव वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये केला. पृथ्वीशी रोज हिशेब जुळवण्याचा आग्रह माणूस सोडतो आहे. त्यामागे यंत्रांना नीट झोपू देण्याची गरजही आहे.