चाकावरचं घर आणि गार जागेचा शोध

(आपल्या सामुदायिक रेडिओवर २०२० च्या नोव्हेंबरात झालेलं हे भाषण. वाचक मैत्रिणींसाठी थोडं आवरून छापत आहोत.)

मी तुमचीच माहेरवाशीण, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातून बोलतेय. माझं सासरही माणदेशातलंच, त्यामुळे उन्हाचं मला कुणी काही सांगावं असं नाही, असं मी समजत होते. पण यंदाच्या उन्हाळ्याने माझा तो तोरा उतरवला.

मागच्या वेळी एका ताईंनी विचारलं होतं, “तिकडे करोना एवढा असताना लोक गाडीचं घर घेऊन डोंगरात कसे काय जातात? भीती नाही वाटत?” वाटते, ताई. आम्हीही गेलो, आणि भीतीपोटीच गेलो. ते कसं, आणि गार जागा शोधायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते आज सांगते.

आधी आमची अडचण ऐका. सासूबाई फेब्रुवारीत आमच्याकडे आल्या आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. वय ७२, जुना दमा. जुलैच्या मध्यावर, बाहेर ४५-४६ अंश असताना आमच्या घराचा एसी बंद पडला. दुरुस्तीचा माणूस सहा दिवसांनी येणार. आपल्याकडे एसी गेला तर पंखा आहे, अंगण आहे, रात्री गच्ची आहे. फिनिक्समध्ये रात्रसुद्धा भाजते. यंदा तर तिथे ४३ अंशांच्या वर पारा गेला असे ५३ दिवस भरले. एरवी आम्ही कुणा मैत्रिणीकडे राहायला गेलो असतो. पण जून-जुलैत ॲरिझोनात करोनाचे रुग्ण झपाट्याने वाढत होते. दम्याच्या म्हाताऱ्या माणसाला कुणाच्या घरात न्यायचं? हॉटेलच्या खोलीचीही धास्ती. तेव्हा माझे यजमान म्हणाले, “आरव्ही भाड्याने घेऊ आणि वर जाऊ.”

चाकावरचं घर म्हणजे काय?

आरव्ही म्हणजे आपल्या मिनीबसएवढी गाडी. आत झोपायची जागा, गॅसची शेगडी, फ्रिज, मोरी आणि संडास. छपरावर एसी. पोटात तीन टाक्या असतात: एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची आणि एक मैल्याची. करोनाच्या काळात हिचं महत्त्व वाढलं ते याचमुळे. दुसऱ्याने वापरलेला संडास नको, दुसऱ्याची चादर नको, खानावळ नको. वसंतात तर कित्येक सरकारी तळ बंदच होते, आणि जे उघडे होते तिथलीही स्वच्छतागृहं बंद. ज्याचं सगळं गाडीतच आहे, त्यालाच बाहेर राहणं शक्य होतं.

पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. हे घर उन्हात पत्र्याच्या डब्यासारखं तापतं. भिंती जेमतेम दोन-तीन बोटं जाडीच्या, खिडक्या भरपूर. छपरावरचा एसी सव्वा टनाच्या आतबाहेरचा, तोही बाहेरच्यापेक्षा साधारण १०-११ अंशच खाली आणू शकतो. आम्ही पहिल्या रात्री डोंगराच्या पायथ्याशी, वीजजोडणी मिळते अशा खासगी तळावर थांबलो. वाटलं, वीज आहे तर काळजी नाही. पण तळावरच्या सगळ्या गाड्यांचे एसी एकदम सुरू! विजेचा दाब उतरला आणि आमचं बटण दोनदा पडलं. रात्री दहा वाजता आत ३४ अंश होते. सासूबाई उशाला टेकून बसून होत्या, पंप हातात. त्या रात्री मला कळलं की या घराला यंत्राने गार ठेवता येत नाही, गार जागीच न्यावं लागतं.

उंची: पहिली गोष्ट

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाताना एका वळणानंतर खिडकीतून गार झुळूक येते, आठवतं ना? तोच हिशेब जगभर चालतो. हवा वर गेली की पसरते आणि पसरताना थंड होते. दर हजार मीटर उंचीला सरासरी साडेसहा अंश उतरतात. कोरड्या हवेत दुपारी याहूनही थोडे जास्त.

फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटरवर आहे. उत्तरेचं फ्लॅगस्टाफ गाव २१०० मीटरवर. जुलैत फिनिक्सचं दुपारचं सरासरी तापमान ४१च्या आसपास, तर फ्लॅगस्टाफचं २८. अंतर म्हणाल तर मोटारीने सव्वादोन-अडीच तास. ग्रँड कॅन्यन ही प्रसिद्ध दरी तर याचा धडाच आहे. दक्षिण कड्यावर माणसं आरामात फिरत असतात, आणि १३०० मीटर खाली नदीकाठी, त्याच दिवशी, त्याच वेळी, अंगाची लाही होत असते.

म्हणून नकाशावर आधी गाव बघायचं नाही, उंची बघायची. आपल्या शहराचं तापमान घ्यायचं, उंचीतला फरक काढायचा आणि हजार मीटरला साडेसहा वजा करायचे. आम्ही मोगियॉन रिम निवडली. हा ॲरिझोनाच्या मधोमध पसरलेला, सुमारे ३०० किलोमीटर लांबीचा कडा आहे. वर २३०० मीटरच्या आसपास पाँडेरोसा पाइनचं दाट जंगल. दोन हजार मीटर चढलो म्हणजे तेरा अंश कमी. ४६ मधून तेरा गेले, राहिले ३३. आणि तो आकडा भर दुपारचा. रात्री वर स्वेटर लागतो.

मात्र उंचीचाही अतिरेक नको. साधारण अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, डोकं दुखतं, मळमळतं. सासूबाईंच्या डॉक्टरांना आधी फोन केला. ते म्हणाले, “अडीच हजारांच्या खाली राहा, पहिला दिवस पूर्ण विश्रांती, आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जवळ ठेवा.” उंचीवर गॅसची आच मंदावते आणि जनरेटरची ताकदही कमी होते, हेही ध्यानात असू द्या.

जागा: उंचीइतकीच मोलाची

वर पोहोचलो आणि मी मोठी चूक केली. कड्याजवळ मोकळं मैदान होतं, समोर दरीचा देखावा. मी म्हटलं, इथेच! दुपारी तीनपर्यंत झकास होतं. मग पश्चिमेचं ऊन गाडीच्या लांब अंगावर आलं. सूर्य मावळेपर्यंत पाच तास गाडी भाजत राहिली. बाहेर ३० आणि आत ३७! सासूबाईंना परत धाप लागली.

बाहेर खुर्ची टाकून त्या म्हणाल्या, “अगं, मेंढरं घेऊन फिरणारा धनगरसुद्धा असल्या माळावर दुपारी वाडा टाकत न्हाई. जनावर दुपारचं कुठं बसतं ते बघ की.” यजमान आणि मी पायी निघालो. थोड्या अंतरावर, पाइनच्या गर्दीत, एल्क नावाच्या मोठ्या हरणांच्या बसण्याच्या खुणा दिसल्या. गवत दबलेलं, लेंड्या पडलेल्या. जागा उत्तरेकडे किंचित उतरती, पश्चिमेला उंच झाडं. जमिनीला हात लावला तर गार. तिथून पन्नास पावलांवर गाडी उभी राहील अशी जागा होती. दुसऱ्या दिवशी त्याच उंचीवर, तेवढ्याच उन्हात, आत २९ च्या वर पारा गेला नाही. एसी लावलाच नाही.

त्यातून मी शिकले ते असं. सावली हवी ती पश्चिमेकडून, कारण सकाळचं ऊन सोसतं, दुपारचं सोसत नाही. गाडीची अरुंद बाजू पश्चिमेला करायची आणि दाराची, छत्र उघडायची बाजू उत्तरेला. गॅसवरचा फ्रिज ज्या अंगाला असेल ते अंग उन्हात ठेवायचं नाही, आणि गाडी सपाट उभी करायची, कारण हा फ्रिज तिरका असला की नीट चालत नाही. दुपारी खिडक्यांना आतून चकचकीत पत्रे लावायचे आणि सूर्य बुडाला की सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या.

गार हवा पाण्यासारखी उताराने वाहते. रात्री ती सखल भागात साचते, म्हणून दरीच्या तळाशी रात्री जास्त थंडी. पण म्हणून कोरड्या ओढ्यात गाडी लावायची नाही! जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे दुपारी वळवासारखा पाऊस येतो. डोंगरात कुठेतरी लांब पडलेलं पाणी निरभ्र आकाशाखाली लोंढा होऊन येतं. यंदा तो पाऊस फारसा झालाच नाही, तरी नियम तोच. झाडाखाली लावताना वर बघा. वाळलेलं झाड किंवा लोंबती फांदी असेल तर तिथून हला. आणि अनोळखी कच्च्या रस्त्यावर मोठी गाडी घालण्याआधी पायी चालून या, वळायला जागा आहे का ते बघा.

या जंगलात सरकारी वनखात्याच्या जमिनीवर ठरवून दिलेल्या रस्त्यांकडेला फुकट राहता येतं, बहुतेक ठिकाणी १४ दिवसांपर्यंत. कोणत्या रस्त्यावर गाडी चालते त्याचा नकाशाही वनखातं फुकट देतं. तिथे नळ नाही, वीज नाही, कचराकुंडी नाही. जे न्याल ते परत आणायचं. शनिवार-रविवारी अख्खं फिनिक्स वर चढतं, म्हणून सोमवारी-मंगळवारी जावं. गर्दी टळली की रोगाचीही भीती कमी.

वणवा विसरून चालत नाही

वर जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे डोंगर काळे पडलेले होते. आधीच्याच महिन्यात, १३ जूनला, एका पेटलेल्या वाहनातून तिथे वणवा लागला होता. बुश फायर म्हणतात त्याला. एक लाख नव्वद हजार एकरांहून जास्त प्रदेश जळला आणि हाच रस्ता बंद होता. म्हणून निघायच्या सकाळी वनखात्याची सूचना बघायचीच: जंगल उघडं आहे का, शेकोटीला परवानगी आहे का. आम्ही शेकोटी पेटवलीच नाही. परतीचे दोन रस्ते माहीत असावेत. धूर आला तर गार जागाही दम्याच्या माणसाला विषच, मग मुक्काम हलवायचा.

जावं की नाही?

ताईंचा खरा प्रश्न हा होता. डोंगरातली गावं लहान, दवाखान्यात खाटा मोजक्या. युटाहमध्ये मोआब गावाच्या परिसरात मार्चमध्येच आरोग्य खात्याने बाहेरच्यांना मुक्कामाची बंदी केली होती. आमच्या उत्तरेला नवाहो आदिवासींचा प्रदेश आहे. कित्येक घरांत नळाचं पाणी नाही, हात धुवायचे कशाने? मे महिन्यात लोकसंख्येच्या मानाने तिथले रुग्ण न्यूयॉर्कपेक्षाही जास्त झाले. त्यांनी आपले उद्यान-रस्ते बाहेरच्यांना बंद केले, ते बरोबरच होतं. थंड हवा मिळते म्हणून आपला आजार दुसऱ्याच्या दारात नेण्याचा हक्क कुणाला नाही.

म्हणून आम्ही सहा दिवसांचं पीठ, डाळ, भाजी, औषधं आणि पाणी घरूनच भरलं. टाकीतलं पाणी दीडशे लिटर, तिघांना सहा दिवस. दुष्काळी भागातल्या लेकीला ते जमतं! वाटेत फक्त पेट्रोलला थांबलो, मास्क लावून. गावात खरेदी केली नाही, कुणाकडे गेलो नाही. जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आणि फोनला रेंज कुठे येते, एवढं मात्र कागदावर लिहून ठेवलं होतं. रेंज कड्यावर येत होती, म्हणून रोज संध्याकाळी यजमान तिथे चालत जाऊन निरोप बघून यायचे.

सातव्या दिवशी घरी परतलो. एसी सुरू झाला होता. सासूबाईंचा ऑक्सिजन वर ९३ असायचा, खाली आल्यावर पुन्हा ९६. पंप मात्र वरच्या पाच दिवसांत एकदाच लागला. आता विमानं थोडी सुरू झालीत, पण त्यांचं जाणं आम्ही लांबवलंय. त्यांना सारखी गावाची आठवण येते. काल म्हणाल्या, “त्या हरणांच्या जागेवर पुन्हा न्या, तिथं वाऱ्याला आपल्या पावसाळ्यासारखा वास हुता.”

तर मैत्रिणींनो, चाकावरचं घर तुमच्याकडे नसेल. पण मार्चनंतर पत्र्याच्या खोलीत, उसाच्या तळावरच्या कोपीत, वीटभट्टीवरच्या झोपडीत राहणाऱ्या बायका आपल्यातच आहेत. पश्चिमेला सावली, दार उत्तरेला किंवा पूर्वेला, रात्री हवा खेळती, ओढ्यापासून लांब, एवढं तिथेही उपयोगी पडेल. आणि जागा निवडायची वेळ आली तर घरातल्या जुन्या माणसाला आधी विचारा. मी विचारलं असतं तर सासूबाईंची एक दुपार तरी सोपी गेली असती.

काळजी घ्या, मास्क लावा.