बर्फाच्या मुलखातली पायवाट

पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. ती नॉर्वे देशाची. आपल्या भारताने २००८ साली तिथे हिमाद्री नावाचे संशोधन केंद्र उघडले. त्याचा कारभार गोव्यातली एक सरकारी संस्था पाहते. बरेच लोक ही बेटे नुसती पाहायलाही जातात. उन्हाळ्यात तिथे पायी फिरता येते. पण चालायचे कसे, ते आधी शिकावे लागते.

तिथे मोठे झाड एकही नाही. वाळुंजाच्या जातीचे एक झाड आहे, पण ते बोटभर उंच! असे का? तिथली जमीन खाली कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा हात-दोन हात थर तेवढा वितळतो. मुळांना खाली जायला वाटच नाही. आपल्या शेतात पाणी मुरते. तिथे ते मुरत नाही, वरच साचते. म्हणून पाऊस थोडा, तरी पायाखाली चिखल. अशा मुलखाला टुंड्रा म्हणतात.

या जमिनीवरचे शेवाळ फार हळू वाढते. एकदा तुडवले की भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. जुन्या गाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. म्हणून जाणता माणूस दगडगोट्यांवरून चालतो.

समुद्रकाठी मात्र मोठाले ओंडके पडलेले दिसतात. झाड नाही, मग लाकूड आले कुठून? ते सैबेरियातल्या नद्यांतून समुद्रात येते आणि बर्फाबरोबर वाहत वाहत इथे लागते.

काठावर सुरय पक्षी जमिनीवरच अंडी घालतो. जवळ गेलात, तर डोक्यात चोच मारतो. चोच बसली की मुकाट मागे फिरावे.

खरी भीती पांढऱ्या अस्वलाची. गावाबाहेर जाताना त्याला पळवून लावायचे साधन जवळ हवेच. वाटाड्या बंदूकही बाळगतो. पण २०२५ पासूनचा कायदा सांगतो, अस्वलापासून निदान ३०० मीटर दूर राहा. मार्च ते जून या महिन्यांत तर ५०० मीटर. ताजे ठसे दिसले तरी शहाण्याने परतावे.

आणखी एक. उन्हाळ्यात तिथे चार महिने सूर्य मावळतच नाही. दिवस आहे, दिवस आहे म्हणत माणूस थकेपर्यंत चालतो. तेव्हा घड्याळ पाहून मुक्काम करावा.

परक्याच्या घरी आपण वहाणा दारात काढतो. तिथे वहाणा काढता येत नाहीत, पण पाऊल जपून टाकता येते.