पावसातली उघडी गाडी आणि गारठलेली बोटे

वालचंदनगरला ज्यांचे नाव मिळाले, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी स्थापन केली. सुरुवातीला तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांची जुळणी करून मोटारी तयार होत. विलीज जीपची जुळणीही मुंबईत महिंद्रांकडे अशीच सुरू झाली. आजही जुन्या जीपचे भाग जमवून गॅरेजमध्ये उघडी गाडी उभी करणारे हौशी लोक आहेत. पावसाची सर आली की ही गाडी बाहेर काढण्याचा मोह अनावर होतो. ज्यांच्याकडे जीप नाही त्यांच्याकडे मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर असतोच. डोक्यावर छप्पर नसले की पावसात सगळ्यांच्या शरीराचे सारखेच होते.

‘भिजलो, आता सर्दी होणार का?’ हा त्यावरचा नेहमीचा प्रश्न. सर्दी होते ती विषाणूंमुळे. पावसाळ्यात आपण दारे-खिडक्या लावून एकमेकांजवळ बसतो आणि विषाणूंचे फावते. थंडीचा थोडा हातभार असू शकतो. ब्रिटनमधील कार्डिफ येथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८० स्वयंसेवक होते. त्यांपैकी ज्यांनी २० मिनिटे थंड पाण्यात पाय ठेवले, त्यांच्यापैकी अधिक जणांनी पुढच्या काही दिवसांत सर्दीची तक्रार केली. पण सर्दी आठवड्यात बरी होते. उघड्या गाडीवर भिजण्याचा खरा धोका त्याच वेळी, रस्त्यावरच असतो.

आपल्या त्वचेलगत गरम हवेचा एक पातळ थर असतो. वेगातला वारा तो सतत उडवून लावतो. त्यात कपडे ओले असतील तर उष्णता आणखी झपाट्याने जाते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. पाऊस थांबल्यावरही सुटका नाही. अंगावरचे १०० ग्रॅम पाणी वाळायला जितकी उष्णता लागते, तितकी निवांत बसलेल्या माणसाचे शरीर साधारण ४० मिनिटांत तयार करते. त्यातला मोठा वाटा अंगातूनच जातो. म्हणून २२-२४ अंशांच्या हवेतही तासाभराच्या प्रवासात हुडहुडी भरते.

शरीर अशा वेळी हृदय आणि मेंदूकडची ऊब राखते आणि हातापायांचा रक्तपुरवठा आखडता घेते. बोटे ताठरतात, त्यांची जाणीव कमी होते. ब्रेक आणि क्लच मात्र याच बोटांवर अवलंबून असतात. जीपमध्ये ओल्या चपलेचा पाय पेडलवरून घसरतो तो वेगळाच. तोंडावर थेंब आपटू लागले की पापण्या आपोआप मिटतात. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे एका उघडझापेत पाचेक मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला तर आणखी आठ मीटर. याच वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे २० मीटरमध्ये थांबत असेल, तर ओल्या रस्त्यावर ३५ मीटर किंवा त्याहून जास्त लागतात. टायर गुळगुळीत असतील तर विचारायलाच नको.

आपल्या भागात यात आणखी एक भर पडते. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. इथे संततधार कमी आणि दोन सरींमध्ये कोरडे दिवस जास्त. तेवढ्या दिवसांत रस्त्यावर तेल, धूळ आणि टायरची झीज साचते. सर आली की पहिली काही मिनिटे त्याचा निसरडा लेप तयार होतो, तो धुऊन जायला वेळ लागतो. त्यामुळे इथली जवळजवळ प्रत्येक सर रस्त्यासाठी पहिल्या पावसासारखी असते. परतीचा पाऊस लांबून उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर रानातला चिखलही डांबरावर येतो. पाऊस सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे थांबता आले तर थांबावे. ते जमत नसेल तर वेग निम्म्यावर आणावा.

वृद्ध, अंगाने बारीक असलेले, उपाशीपोटी निघालेले आणि थायरॉइड कमी असलेले लोक लवकर गारठतात. मधुमेहामुळे तळपायाची जाणीव आधीच कमी झालेल्यांना पेडलचा अंदाज चुकू शकतो. ‘अंगात ऊब यावी म्हणून’ दारू घेणे तर दुहेरी धोक्याचे. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटते आणि प्रत्यक्षात उष्णता जास्तच बाहेर जाते. शिवाय भान सुटते ते वेगळेच.

मोटारसायकलवर मागे बसून छत्री उघडू नये. वारा छत्रीसकट माणसाला मागे ओढतो. फडफडणाऱ्या प्लास्टिकच्या कागदापेक्षा गळ्याशी आणि मनगटाशी बंद होणारा दोन भागांचा रेनकोट बरा. सुती कपडा भिजला की ऊब धरत नाही. लोकर मात्र ओली असली तरी तिच्या धाग्यांत हवा राहते. धनगर बांधव पावसात घोंगडी सोडत नाहीत ते उगीच नाही. गाडी चालवताना घोंगडी पांघरता येत नाही, पण रेनकोटच्या आत लोकरी स्वेटर घालता येतो. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर ठेवावा.

विजा कडाडत असताना रबरी टायर आपल्याला वाचवतात हा गैरसमज आहे. बंद मोटारीत बसलेल्यांना वाचवते ते तिचे लोखंडी कवच, कारण वीज त्यावरून जमिनीत जाते. बिनछपराच्या जीपला, ट्रॅक्टरला किंवा मोटारसायकलला हे कवच नाही. झाडाखाली थांबणे तर त्याहून वाईट. पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे.

प्रवासात हुडहुडी भरली तर तो थांबण्याचा इशारा समजावा. आडोशाला जाऊन ओले कपडे बदलावेत, डोके पुसावे, गरम गोड चहा घ्यावा आणि बोटे नीट मिटता-उघडता येईपर्यंत पुढे निघू नये. अंग गार असतानाच थरथर थांबली, बोलणे अडखळू लागले किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेल्याची शंका घ्यावी. अशा माणसाला कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळावे, आधी छाती-पोटाला ऊब द्यावी, हातपाय चोळू नयेत आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तो नीट शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही पाजू नये.

पावसात भिजण्याची हौस जरूर करावी, पण ती गाडी बाजूला उभी करून. चालवणाऱ्याचे हात कोरडे आणि उबदार असणे हा ब्रेकइतकाच गाडीचा महत्त्वाचा भाग आहे.