भग्न गड आणि शब्दांचे अवशेष

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात रोहिलागड हा भग्न डोंगरी किल्ला आहे. असा गड चढताना आपण कोणते शब्द वापरतो, याकडे लक्ष द्या. 'कोट' हा शब्द संस्कृतात आढळतो. 'किल्ला' आणि 'बुरूज' अरबीतून आले. 'बालेकिल्ला' या शब्दात फारसी 'बाला', म्हणजे 'वरचा', आणि अरबी 'किला' एकत्र आले आहेत. गडाचा इतिहास असा भाषेतही साठलेला असतो. तट ढासळला तरी त्याचे दगड मागे राहतात. गावातील वृद्धांच्या तोंडी असलेली वाटांची, टेकाडांची, टाक्यांची नावे मात्र नोंदवली नाहीत तर बोलणाऱ्यांबरोबरच लोपतात. म्हणून गड पाहण्यास जाताना वही सोबत ठेवावी आणि प्रत्येक नाव, त्याचा स्थानिक उच्चार व सांगणाऱ्याचे वय टिपून घ्यावे.