शून्याचा हिशेब

कॅसिनोत हातचलाखीने लुबाडतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिची गरजच नसते. युरोपीय पद्धतीच्या रूलेट चक्रावर शून्य धरून ३७ घरे असतात. एका आकड्यावर लावलेला डाव लागला, तर बक्षीस मात्र ३५ पट. घरे ३६ असती, तर हा सौदा बरोबरीचा ठरला असता. त्या एका शून्यापायी दर शंभरामागे सरासरी २.७० मालकाच्या पदरात पडतात. अमेरिकी चक्रावर शून्ये दोन, म्हणून तेथे ५.२६!

ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगार कायद्याखालील परवानाधारक कॅसिनोंना खेळांचे नियम आणि मालकाचा हा वाटा ग्राहकांपुढे मांडावा लागतो. तरतूद स्तुत्य, पण अपुरी. कारण ही टक्केवारी एकेका डावाची असते, खिशातल्या रकमेची नव्हे. शंभर-शंभर पौंडांचे चाळीस डाव खेळणारा सरासरी १०८ पौंड गमावतो, आणि चाळीस डावांना संध्याकाळही लागत नाही. हा गुणाकार खेळाच्या धुंदीत करणार कोण? तेव्हा ताशी सरासरी तोट्याचा आकडाच प्रत्येक मेजावर लिहावयास कायद्याने भाग पाडावे. मालकांची हरकत असेल, तर तिचे कारण त्यांनी उघडपणे सांगावे.