मासेमारीचा ठेका : सामाईक हक्क आणि त्याचे हस्तांतर

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणप्रवण असला तरी जिल्ह्यात मोठे जलाशय आहेत. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. राहुरी तालुक्यात मुळेवरील ज्ञानेश्वरसागर आहे, तर शेवगाव व नेवासे तालुक्यांत गोदावरीवरील नाथसागराचे पाणी पसरते. अशा जलाशयांवर व लहान तलावांवर भोई आदी समाजांतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तथापि मासेमारीचा हक्क नेमका कोणाचा, आणि तो दुसऱ्यास देता येतो काय, याविषयी गैरसमज फार आहेत. त्यापायी कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबाची उपजीविकाच धोक्यात येते.

ठेका संस्थेचा, भाग सभासदाचा

तलावातील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत नोंदणीकृत मच्छीमार सहकारी संस्थेस ठराविक मुदतीसाठी दिला जातो. हा हक्क एक व अविभाज्य असून तो संस्थेच्या नावे असतो. सभासदाजवळ असतो तो संस्थेचा भाग व त्यामुळे मिळणारे सभासदत्व. १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून ही कल्पना जिल्ह्यातील शेतकऱ्यास परिचित आहे. भागधारक आपला भाग दाखवू शकतो. परंतु कारखान्याचे एखादे यंत्र आपले म्हणून विकू शकत नाही. त्याचप्रमाणे तलावाचा एखादा काठ किंवा मासेमारीची आपली पाळी सभासदास विकता येत नाही.

कित्येकदा गरजेपोटी सभासद मुद्रांकाच्या कागदावर आपला ‘हक्क’ बाहेरच्या व्यापाऱ्यास लिहून देतो. अशा कागदाने व्यापारी सभासद होत नाही. उलट ठेका पोटठेक्याने दिल्याचा आरोप संस्थेवर येऊन करारनाम्याचा भंग होण्याचा संभव असतो. एकाच्या व्यवहाराने सर्वांचीच जाळी काठावर पडून राहतील, हे ध्यानात ठेवावे.

एका भागावर दोन नावे

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये एक भाग दोन किंवा अधिक व्यक्तींना संयुक्तपणे धारण करता येतो. भागपत्रावर ज्याचे नाव प्रथम नसते, तो सहयोगी सदस्य होय. नावे कितीही असली तरी मत एकच. ते प्रथम नाव असणाऱ्याने द्यावयाचे. तो गैरहजर असल्यास दुसऱ्याने. म्हणून दोन भावांनी अथवा पतिपत्नींनी भाग घेताना नावांचा क्रम विचारपूर्वक ठरवावा.

हयातीतील हस्तांतर

भाग दुसऱ्याच्या नावे करावयाचा असल्यास तो निदान १ वर्ष धारण केलेला असावा लागतो. घेणारा त्याच संस्थेचा सभासद असावा, किंवा सभासदत्वासाठी त्याने केलेला अर्ज मंजूर झालेला असावा. मच्छीमार संस्थांचे पोटनियम सामान्यतः प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्यांसच प्रवेश देतात. म्हणून प्रथम पोटनियम वाचावेत. अर्ज नाकारल्यास संस्थेने कारणे कळविली पाहिजेत. त्या निर्णयाविरुद्ध २ महिन्यांच्या आत निबंधकांकडे अपील करता येते. ३ महिन्यांत कोणताच निर्णय न कळविल्यास अर्जदारास प्रवेश मिळाला असे मानले जाते. म्हणून अर्जाची पोच अवश्य घ्यावी.

सभासदाच्या मृत्यूनंतर

सभासदाने हयातीतच आपला वारसदार नामनिर्देशित करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. सही केलेला लेख संस्थेकडे द्यावा, किंवा संस्थेच्या वहीत निवेदन करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी. हे नामनिर्देशन पुढे बदलताही येते.

समजा, एका सभासदाने नामनिर्देशन केलेले नाही. त्याच्या पश्चात पत्नी, अज्ञान मुलगा व विभक्त राहणारा भाऊ आहे. अशा वेळी समितीस जाहीर नोटीस काढून दावे व हरकती मागवाव्या लागतात. भावाने हरकत घेतल्यास निर्णय लांबतो आणि मासेमारीचा हंगाम हातचा जातो. नामनिर्देशन असते तर हा विलंब टळला असता. मात्र नामनिर्देशनाने वारसांचे आपसांतील हक्क नष्ट होत नाहीत. अज्ञान मुलासही वारसाने भाग मिळू शकतो.

वारसदारास सभासदत्व नको असल्यास भागाचे मूल्य मागता येते. परंतु ते स्वीकारण्यापूर्वी नीट विचार करावा. मूल्य एकदाच मिळते. तलावातील रोहू, कटला व मृगळ मात्र वर्षानुवर्षे उत्पन्न देतात. विधवा स्त्री स्वतः जाळी विणत असेल किंवा मासळी विकत असेल, तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे. मृत सभासदाच्या मालमत्तेवर संस्थेच्या त्या तारखेपर्यंतच्या कर्जाची जबाबदारी २ वर्षे राहते, हेही वारसांस माहीत असावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी संस्थेच्या पुढील सभेत तीन गोष्टी तपासाव्यात : प्रत्येक सभासदाजवळ भागपत्र आहे काय, त्याचे नामनिर्देशन नोंदवहीत चढले आहे काय, आणि ठेक्याच्या अटी सर्वांस वाचून दाखविल्या आहेत काय. शंका असल्यास सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारणा करावी. पावसाळ्यापूर्वी जाळी दुरुस्त करण्याची मच्छीमारांची रीतच आहे. त्याच वेळी ही कागदपत्रेही नीट करून घेतल्यास कुटुंबाचा तलावावरील आधार टिकून राहील.